नौकेवरील बॅटरी : बंदीच्या काळात करावयाची परीक्षा

जून आणि जुलै हे दोन महिने कोकण किनाऱ्यावरील यंत्रचालित मासेमारी बंद असते. या अवधीत नौका वर ओढून तिचा तळ खरवडला जातो, फळ्यांच्या सांधी भरल्या जातात, रंग दिला जातो, जाळी विणली जातात आणि यंत्रही उघडून पाहिले जाते. दुर्लक्ष होते ते बहुधा एकाच वस्तूकडे, ती म्हणजे बॅटरी. ती काढून घराच्या पडवीत ठेवलेली असते, किंवा तशीच नौकेच्या तळाशी राहू दिलेली असते. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीस निघताना तिला पुन्हा तारा जोडल्या जातात, दिवा लागतो, आणि बॅटरी चांगली आहे असे गृहीत धरले जाते.

दिवा लागणे ही बॅटरीची परीक्षा नव्हे. रात्री समुद्रात तिच्यावर नेमके काय अवलंबून असते ते पाहिले म्हणजे हे ध्यानात येईल. नौकेच्या डाव्या अंगाचा तांबडा, उजव्या अंगाचा हिरवा आणि वरचा पांढरा दिवा तिच्यावर जळतो. मुंबई व न्हावा-शेवा बंदरांकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या वाटेत जाळे टाकून बसलेल्या नौकेला हे दिवेच सांभाळतात, कारण तेवढे अवजड जहाज ऐन वेळी थांबू शकत नाही. स्थाननिदर्शक यंत्र व मासे शोधण्याचे ध्वनियंत्र तिच्यावरच चालते. आणि संकटकाळी १६ क्रमांकाच्या वाहिनीवर हाक द्यावयाची ती व्हीएचएफ बिनतारी यंत्रणाही तिच्यावरच.

या बिनतारी यंत्रणेची एक गोष्ट प्रत्येक तांडेलाने जाणून घेतली पाहिजे. नुसते ऐकत असताना ती सुमारे अर्धा अँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाह घेते. परंतु बोलण्याची कळ दाबून २५ वॅट शक्तीने संदेश पाठविताना तिला ५ ते ६ अँपिअर लागतात. थकलेली बॅटरी अर्धा अँपिअर रात्रभर देऊ शकते, म्हणून यंत्रणा चालू दिसते आणि दुसऱ्यांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. कळ दाबताच मात्र दाब कोसळतो आणि यंत्रणा बंद पडते. म्हणजे बॅटरीचा दोष उघड होतो तो नेमका मदतीची हाक देण्याच्या क्षणी.

बॅटरी म्हातारी का होते

शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी गॅस्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात व प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. बॅटरी खर्च होत जाते तसतसे आम्लातील गंधकद्रव्य शिशाच्या पत्र्यांवर जाऊन बसते व आम्ल पातळ होते. बॅटरी भरताना तेच द्रव्य पुन्हा आम्लात उतरते. ही ये-जा सुरळीत चालली तर बॅटरी पुष्कळ वर्षे टिकते. परंतु ती रिकामी किंवा अर्धवट भरलेली अशी आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर पत्र्यांवरील थर कडक पांढऱ्या स्फटिकांचा होतो आणि मग चार्जर लावूनही तो पुरता विरघळत नाही. पत्र्याचा तेवढा भाग कायमचा निकामी झाला असे समजावे.

पावसाळ्यात नेमके हेच घडते. न वापरलेली बॅटरीही आपोआप उतरत असते. साध्या पाण्याच्या बॅटरीत हे प्रमाण दरमहा सुमारे ५ टक्के किंवा अधिक असते, आणि उष्म्यात ते वाढते. वरच्या झाकणावर खारट ओल व मळ साचला असेल तर त्यातूनही थोडा प्रवाह झिरपत राहतो. शेवटच्या फेरीहून अर्धी उतरलेली बॅटरी दोन महिने तशीच ठेवली, तर जी झीज एरवी दोन-तीन हंगामांत व्हावयाची ती एकाच पावसाळ्यात होते. म्हणून नौका वर घेताच बॅटरी पूर्ण भरावी, तारा काढून ती कोरड्या व हवेशीर जागी ठेवावी, आणि बंदीच्या काळात महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. घरी वीज असेल तर एवढे करण्यास खर्च फारसा नाही.

परीक्षा

प्रथम डोळ्यांनी पाहावे. पेटी फुगलेली, तडकलेली किंवा झिरपणारी असेल तर पुढील परीक्षा करण्याचे कारण उरत नाही. टोकांवर हिरवट-पांढरा थर असल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवावा. मात्र सोड्याचा थेंबही घटात जाता कामा नये, कारण त्याने आम्ल मारले जाते. पत्रे उघडे पडले असतील तर ते बुडतील एवढेच बॅटरीचे शुद्ध पाणी घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नये, आणि वरून आम्ल तर कधीच घालू नये.

नंतर बॅटरी पूर्ण भरून, तारा काढून, बारा तास स्वस्थ ठेवावी. भरल्याबरोबर घेतलेले माप खोटे असते. विश्रांतीनंतर मापकाने १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी, आणि ११.९ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. चांगल्या चार्जरवर पूर्ण वेळ ठेवूनही जी बॅटरी १२.४ च्या वर टिकत नाही, तिच्याविषयी संशय धरावा.

झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीची याहून सूक्ष्म परीक्षा हायड्रोमीटरने होते. कारागीर ज्याला ‘बाराशे साठ’ म्हणतात ते १.२६० हे विशिष्ट गुरुत्व भरलेल्या बॅटरीचे साधारण माप होय. काही बनावटींत ते याहून थोडे कमी ठेवलेले असते, म्हणून पेटीवरील किंवा सोबतच्या पत्रकातील आकडा प्रमाण मानावा. १.२०० च्या सुमारास बॅटरी अर्धी उतरलेली असते. द्रव २७ अंश सेल्सिअसपेक्षा उष्ण असेल तर प्रत्येक १० अंशांमागे मापात ०.००७ मिळवावे. नुकतेच पाणी घातले असल्यास ते वरच्या थरात राहते व माप चुकते, म्हणून आधी बॅटरी भरून घ्यावी. सहाही घटांची मापे वहीत उतरावीत. पाच घट १.२५० आणि एक घट १.१९० दाखवीत असेल, तर सरासरी काढून समाधान मानू नये. तो एक घट गेला आहे, आणि घट एकामागे एक जोडलेले असल्यामुळे सबंध बॅटरीचे बळ त्या दुबळ्या घटाएवढेच राहते.

ही दोन्ही मापे चांगली आली तरी बॅटरी किती वेळ साथ देईल हे त्यांवरून कळत नाही. आकुंचन पावलेला हंडाही काठोकाठ भरलेला दिसू शकतो. त्यासाठी तासांची परीक्षाच केली पाहिजे, आणि आमच्या मते बंदीच्या काळात सर्वांत अगत्याची हीच. १०० अँपिअर-तास असे पेटीवर लिहिलेले असते, त्याचा सामान्य अर्थ असा की नवी बॅटरी ५ अँपिअर प्रवाह २० तास देईल व तेव्हा तिचा दाब १०.५ व्होल्टपर्यंत उतरेल. मोटारीच्या पुढच्या दिव्याचा १२ व्होल्ट, ६० वॅटचा बल्ब जवळजवळ ५ अँपिअरच घेतो. पूर्ण भरलेल्या व विश्रांती दिलेल्या बॅटरीला हा बल्ब जोडावा. जोडताना शेवटचा सांधा बॅटरीपासून दूर, बल्बाच्या बाजूस करावा, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ पडणार नाही. पहाटे प्रारंभ केल्यास सोयीचे, कारण दुबळी बॅटरी दिवसाउजेडीच उत्तर देते. दर तासास दाब टिपावा, ११.५ खाली गेल्यावर दर पंधरा मिनिटांनी पाहावे, आणि १०.५ होताच बल्ब काढावा. याखाली उतरविल्यास परीक्षेनेच बॅटरी बिघडेल. तासांना ५ ने गुणले की आज शिल्लक असलेली खरी शक्ती मिळते. १७ तास चालली तर ८५, ११ तास चालली तर ५५. परीक्षा संपताच त्याच दिवशी बॅटरी पुन्हा भरावी. लहान बॅटरीस त्याच प्रमाणात लहान बल्ब लावावा.

मूळ शक्तीच्या ८० टक्क्यांवर असेल तर चिंता नाही. ६० ते ८० च्या दरम्यान असेल तर किनाऱ्याजवळच्या कामास एक हंगाम चालेल, पण दर महिन्यास माप घ्यावे. त्याखाली गेलेली बॅटरी घेऊन रात्रीच्या मासेमारीस जाऊ नये.

हायड्रोमीटर व मापक प्रत्येक नाखव्याने विकत घेण्याची गरज नाही. मच्छीमार सहकारी संस्थेत एकेक ठेवले तर सबंध बंदराचे काम भागते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी नौकानिहाय वही घालून दिल्यास कोणती बॅटरी दरवर्षी किती उतरते हे पुढच्या वर्षीच दिसू लागेल.

नवी घेताना

नवी किती मोठी घ्यावी याचा हिशेब सोपा आहे. यंत्रणा अर्धा अँपिअर, ध्वनियंत्र व स्थाननिदर्शक मिळून एक, एलईडी दिवे दोन, असे साडेतीन अँपिअर धरले तर दहा तासांच्या रात्रीस ३५ अँपिअर-तास लागतात. बॅटरी अर्ध्याहून अधिक उतरू द्यावयाची नाही, म्हणून ७० हव्यात; पुढील झीज धरून १०० ची घ्यावी. नौकेवर जुने तारेचे बल्ब असतील तर २५ वॅटचे तीन बल्बच सहा अँपिअर खातात. अशा ठिकाणी मोठी बॅटरी घेण्याआधी बल्ब बदलणे स्वस्त पडते.

यंत्र सुरू करण्याची बॅटरी आणि दिव्यांची बॅटरी वेगळी असावी. पहिलीत पातळ पत्रे पुष्कळ असतात; ती क्षणभर मोठा प्रवाह देते, पण रोज खोल उतरविल्यास लवकर मरते. दिव्यांसाठी जाड किंवा नळीदार पत्र्यांची घ्यावी. नवीच्या जोडीला जुनी लावू नये. जुनी नवीला आपल्याबरोबर खाली ओढते. लिथियमची बॅटरी हलकी असते हे खरे, परंतु चार्जर व यंत्रावरील अल्टरनेटरची जोडणी तिला अनुरूप करून घेतल्याशिवाय ती जुन्या जागी बसवू नये.

काढताना प्रथम ऋण तार सोडावी, मग धन. बसविताना प्रथम धन, शेवटी ऋण. धन टोकाजवळ फ्यूज असावा. पेटी पट्ट्याने घट्ट बांधावी आणि तळाच्या पाण्यापासून उंच, हवा खेळेल अशा जागी ठेवावी. भरताना निघणारा हायड्रोजन वायू विडीच्या ठिणगीनेही स्फोट पावतो. समुद्राचे पाणी घटात शिरले तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो, म्हणून बुडालेली बॅटरी पुन्हा भरावयास लावू नये.

जुनी बॅटरी फोडून तिच्या शिशाची जाळ्याला वजने ओतण्याचा मोह कोणी धरू नये. त्या धुराने व राखेने घरातील मुलांच्या अंगात शिसे भिनते आणि ओतलेले आम्ल विहिरीच्या झऱ्यात उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांन्वये जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातू पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी न फोडता, आम्लासह, विक्रेत्याकडे द्यावी; तिच्या वजनाप्रमाणे किंमत वजा करून घ्यावी आणि पावतीवर तशी नोंद करून मागावी.