स्वयंचलित गिअरपेटीतील द्रवगळती

मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरपेटीतील द्रव बाहेर पडणे अथवा आतल्या आत दुसऱ्या यंत्रणेत शिरणे, याला द्रवगळती म्हणतात. हाताने बदलावयाच्या गिअरपेटीत तेलाचे काम मुख्यत्वे वंगणाचे असते. स्वयंचलित पेटीत मात्र हा द्रव टॉर्क कन्व्हर्टरमधून एंजिनाची शक्ती पुढे नेतो, दाबाखाली क्लचच्या चकत्या आवळून धरतो, दंतचक्रांना वंगण पुरवितो आणि उष्णता वाहून नेतो. पातळी फार उतरल्यास पंप द्रवाबरोबर हवाही ओढतो. दाब घटतो, चकत्या घसरतात व त्यांचे अस्तर जळते. म्हणून गळतीचे निदान वेळीच व अचूक होणे महत्त्वाचे असते.

जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक ही स्वयंचलित गिअरपेटी दिली व पुढे अशा पेट्यांचा प्रसार झाला. एंजिन तेलापासून वेगळा ओळखता यावा म्हणून त्यांच्या द्रवाला लाल रंग देण्याची प्रथा रूढ झाली.

द्रवाची ओळख : गाडीखाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा ठेवल्यास डागाची जागा व रंग कळतो. लालसर, तेलकट डाग गिअरपेटीच्या द्रवाचा असण्याचा संभव असतो. जुना वा करपलेला द्रव तपकिरी दिसतो. रंगावर सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण काही द्रव पिवळे, हिरवे वा निळे असतात आणि अनेक गाड्यांच्या सुकाणू यंत्रणेतही हाच लाल द्रव वापरतात. वातानुकूलन यंत्रणेतून ठिबकणारे पाणी हा दोष नव्हे.

उगमाचा शोध : थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. द्रव खाली ओघळतो आणि धावत्या गाडीखालील वाऱ्याने मागे ढकलला जातो. त्यामुळे ओल्या भागातील सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा बिंदू शोधतात. त्यासाठी पेटीचा बाह्यभाग धुऊन कोरडा करतात, गाडी तापेपर्यंत चालवितात व मग तपासतात. पृष्ठावर शंखजिऱ्याची पूड शिंपडल्यास ओघळ स्पष्ट दिसतो. द्रवात अनुस्फुरक रंजक मिसळल्यास तो जंबुपार प्रकाशात चमकतो. तळपात्राचे गॅस्केट, निचऱ्याची मळसूत्री गुडदी, गिअर निवडणाऱ्या दांड्याचे सील, चाकांकडे जाणाऱ्या दंडांची सीले आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्यांचे सांधे या गळतीच्या नेहमीच्या जागा होत. एंजिन व पेटी यांच्या सांध्यातून द्रव येत असल्यास पंपाच्या पुढील सीलचा संशय येतो. पण एंजिनाच्या मागील सीलमधले तेलही तेथूनच ठिबकते. म्हणून पेटी उतरविण्यापूर्वी द्रव कोणता हे निश्चित करावे लागते.

काही गाड्या उभ्या असतानाच गळतात. एंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधील द्रव तळपात्रात उतरतो आणि एरवी पातळीच्या वर असलेली सीले त्यात बुडतात. द्रव प्रमाणाबाहेर भरल्यास त्याला फेस येऊन तो श्वसनछिद्रातून बाहेर पडतो. तेथे सील बदलून उपयोग होत नाही.

न दिसणारी गळती : जमिनीवर डाग नसतानाही पातळी घटू शकते. रेडिएटरमधील शीतक नळी फुटल्यास द्रव व पाणी एकत्र होऊन गुलाबी, दुधाळ मिश्रण बनते. पाण्याने चकत्यांचे अस्तर सुटते. जुन्या पेट्यांतील निर्वात नियंत्रकाचा पडदा फाटल्यास एंजिन द्रव शोषून घेते व तो पांढरट धुराच्या रूपाने जळून जातो.

दक्षता : पातळी मोजण्याची पद्धत गाडीगणिक बदलते. बहुतेक गाड्यांत ती द्रव तापलेला व एंजिन चालू असताना मोजतात, काहींत एंजिन बंद करून. कित्येक नव्या गाड्यांत मोजपट्टीच नसते. तळपात्राचे बोल्ट अतिरिक्त आवळल्यास त्याची कड वाकून गळती वाढते. द्रव निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचाच भरावा लागतो. वरचेवर द्रव भरत राहिल्याने पातळी तात्पुरती सावरते, परंतु मूळ दोष तसाच राहतो आणि एखाद्या लांबच्या प्रवासात, पातळी पाहिली जाण्यापूर्वीच, पेटी निकामी होऊ शकते.