ई-सिगारेटचे विपणन आणि आरोग्य व्यावसायिकांचे प्रशिक्षण

किशोरवयीनांना आकर्षित करणाऱ्या ई-सिगारेटच्या जाहिरातींचा प्रभाव ओळखणे, त्याविषयी मुलांशी व पालकांशी बोलणे आणि सवय जडलेल्यांना ती सोडण्यास मदत करणे, ही कौशल्ये डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य व शालेय आरोग्यसेवक यांना या प्रशिक्षणात शिकविली जातात. त्याची निकड सर्वाधिक जाणवली ती अमेरिकेत.

पार्श्वभूमी

जूल हे उपकरण २०१५ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले. पेनड्राइव्हसारखा आकार, आंबा व पुदिन्यासारखे स्वाद, तरुण मॉडेलांची भडक छायाचित्रे आणि समाजमाध्यमांवरील प्रसार यांमुळे ते शाळांपर्यंत पोहोचले. यातील निकोटिन क्षाररूपात असल्याने घशाला फारसे झोंबत नाही. शिवाय एका पॉडमधील निकोटिन साधारणतः वीस सिगारेटींच्या पाकिटाइतके असल्याचे कंपनीच सांगत असे. राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार ई-सिगारेट ओढणाऱ्या हायस्कूल विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते. २०१९ मध्ये ते २७.५ टक्के झाले. डिसेंबर २०१८ मध्ये सर्जन जनरल जेरोम ॲडम्स यांनी या वाढीला साथ म्हटले. कंपनीच्या प्रतिनिधीने शाळेत येऊन हे उत्पादन सुरक्षित असल्याचे सांगितले, अशी साक्ष विद्यार्थ्यांनी जुलै २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे दिली. म्हणजे आरोग्याविषयी बोलण्याची डॉक्टरांची जागाच विक्रेत्याने घेतली होती.

प्रशिक्षणाचा आशय

पहिला धडा प्रश्न विचारण्याचा असतो. ‘तू सिगारेट ओढतोस का?’ या प्रश्नाला जूल वापरणारा मुलगा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी ती सिगारेट नसतेच. म्हणून ‘व्हेप’, ‘पॉड’ किंवा उत्पादनाचे प्रचलित नाव घेऊन, शक्यतो पालकांच्या अनुपस्थितीत आणि दटावणीचा सूर टाळून विचारावे, असे शिकविले जाते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने यासाठी विचारणे, समुपदेशन करणे व उपचार करणे अशी त्रिसूत्री दिली आहे.

दुसरा भाग जाहिरातींच्या वाचनाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तंबाखूच्या जाहिरातींचा मोठा संग्रह केला असून, जुन्या सिगारेट-जाहिरातींतील मोकळेपणा, मैत्री व आकर्षकपणाची प्रतिमा ई-सिगारेटच्या जाहिरातींत कशी परतली हे त्यावरून दिसते. किशोरांना आरोग्याच्या धाकापेक्षा ‘आपल्याला कोणीतरी गिऱ्हाईक बनवीत आहे’ ही जाणीव अधिक बोचते. समुपदेशनात तिचा उपयोग केला जातो.

मर्यादा व वाद

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने मुलांना तंबाखूकडे वळण्यापासून रोखण्यासाठी शिक्षण वा संक्षिप्त समुपदेशनाची शिफारस केली. त्यात ई-सिगारेटही मोडते. सवय लागलेल्या मुलांची ती सोडविण्याच्या उपायांबाबत मात्र पुरावा अपुरा असल्याचे नोंदविले. निकोटिनच्या पट्ट्या व गम यांना अमेरिकेत अठरा वर्षांखालील मुलांसाठी अधिकृत मान्यता नाही. तीव्र अवलंबित्व असल्यास डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने ती देऊ शकतात.

अतिशयोक्ती टाळणे हाही प्रशिक्षणाचाच भाग होय. २०१९ मधील फुप्फुसविकाराच्या उद्रेकाचा मुख्य संबंध गांजातील टीएचसीयुक्त द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. तो धोका सरसकट सर्व उपकरणांना चिकटविल्यास मुले पुढचे खरे बोलणेही ऐकत नाहीत. इंग्लंडमध्ये प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी व्हेपिंग सुचविले जाते; हा सल्ला कधीही धूम्रपान न केलेल्या मुलासाठी नाही, हा फरक डॉक्टरला समजावून सांगता यावा लागतो.

भारत

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. साठवणुकीसाठी शिक्षा यापेक्षा कमी आहे. प्रत्यक्ष सेवनाचा या यादीत उल्लेख नाही. तरीही बंदी असलेल्या वस्तूची कबुली मुले सहजासहजी देत नाहीत. त्यामुळे तपासणीच्या खोलीतील बोलणे गोपनीय राहील हे आधी सांगणे येथे अधिकच आवश्यक ठरते.