वकील परवडत नाही तेव्हा

वकिलाची फी परवडत नाही, अशा माणसाला आज कायद्याची बरीचशी माहिती मोबाइलवर मिळते. पण माहिती मिळाली म्हणून त्याचं काम होतंच असं नाही. ज्या प्रक्रियेची माहिती दिली जाते, ती प्रक्रियाच साध्या माणसाला झेपेल अशी असावी लागते. ग्राहक आयोगात हे नीट दिसतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असलं तरी लातूरच्या माणसाला लातुरातच दाद मागता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि आपली बाजू स्वतः मांडता येते. लक्षात ठेवायची मुदत 2 वर्षांची. कायदा इतका सुटसुटीत झाला, म्हणूनच 2020 मध्ये आलेलं ई-दाखिल आणि आताचं ई-जागृती ही ऑनलाइन तक्रारीची संकेतस्थळं लोकांच्या उपयोगी पडली. पावती, वॉरंटी कार्ड आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार हाताशी असेल, तर घरबसल्या तक्रार दाखल होते.

दिवाणी दाव्यात मात्र असं होत नाही. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दाव्याचा 16 अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. एवढ्यासाठी तालुक्याला होणारी खेप वाचते, हे कमी नाही. पण तारीख कळली तरी त्या तारखेला काय करायचं ते कळत नाही. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते, कोर्टाने मुभा दिली तर 90 दिवसांपर्यंत. ही मुदत हुकली की खरी बाजूही लंगडी पडते. इथे माणसाला कलमांची यादी नको असते. आज कोणता कागद, कोणत्या टेबलावर, कधीपर्यंत द्यायचा, हे त्याला मराठीत हवं असतं.

अर्धवट माहितीने लोक स्वतःचंच नुकसान करून घेतील, असं वकील मंडळी म्हणतात. वाटणी, जामीन, मुलाचा ताबा अशा प्रकरणांत ती भीती रास्त आहे. म्हणून कायद्याची माहिती देणाऱ्या चांगल्या संकेतस्थळाने ‘इथून पुढे वकील घ्याच’ असं ठणकावून सांगितलं पाहिजे. पण ज्याला वकील मिळणारच नाही त्याच्यापासून माहितीही लपवायची, हा त्यावरचा उपाय नव्हे. अशी संकेतस्थळं सुरू झाली की सरकार मोफत वकिलाची जबाबदारी झटकेल, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मोफत कायदेविषयक मदतीचं कलम 39अ राज्यघटनेत 1976 मध्ये आलं आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ती मदत कोणाला मिळेल हे ठरवलं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतले लोक यांना तर उत्पन्नाची अटही नाही. हे घराघरात माहीत नाही, ही आपल्याकडची मोठी उणीव आहे. कायद्याच्या प्रत्येक संकेतस्थळाने सुरुवातीलाच ‘तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो का?’ असं विचारावं. ज्यांच्याकडे मोबाइल नाही किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी 2017 पासून टेलि-लॉ आहे. गावच्या सीएससी केंद्रातून वकिलाशी बोलता येतं.

घरात समन्स किंवा नोटीस आली तर ती फळीवर ठेवू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा त्याच दिवशी मोफत कायदेविषयक मदतीच्या 15100 या क्रमांकावर फोन करा.