आर्थर रोडचा पहारा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सात रस्त्याहून साने गुरुजी मार्गाने चिंचपोकळीकडे निघालं की आर्थर रोड कारागृहाची उंच भिंत लागते. परळ-लालबागकरांना ती रोजच्या ओळखीची आहे. आतल्या नामचीन आरोपींच्या बातम्या आपण वाचतो, पण त्यांच्यावर पहारा देणाऱ्या कारागृह शिपायाबद्दल फारसं काही छापून येत नाही. त्यामुळे त्याच्याविषयी बरेच गैरसमज रुजले आहेत.

गैरसमज: तुरुंगातले शिपाई म्हणजे पोलीसच. कमी पडले तर पोलीस ठाण्यातून आणता येतात.

वस्तुस्थिती: कारागृह विभाग गृह खात्याखाली येतो, पण तो पोलीस दलाहून वेगळा आहे. त्याची भरती, पदं आणि बढती स्वतंत्र असते, आणि मुख्यालय पुण्यात आहे. झडती, मोजणी, मुलाकात, बराकी उघडणं-बंद करणं ही कामं कारागृह कर्मचाऱ्यांची. बंद्याला कोर्टात नेणं पोलीस पथकाचं. पथक मिळालं नाही की कोर्टाची तारीख चुकते आणि बंद्याचा मुक्काम लांबतो. 26/11 हल्ल्यातल्या कसाबच्या पहाऱ्यासाठी इंडो-तिबेट सीमा पोलीस तैनात केले होते, पण तो अपवाद होता.

गैरसमज: रिकामी पदं भरली की टंचाई संपेल.

वस्तुस्थिती: मंजूर पदांचा आकडाच गर्दीच्या मानाने अपुरा आहे. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आहे. प्रत्यक्षात तिथे अनेकदा तिपटीहून जास्त बंदी राहिले आहेत. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे 6 बंद्यांमागे 1 पहारेकरी हवा, म्हणजे 3,000 बंद्यांसाठी 500. हे 500 तीन पाळ्यांत वाटले तर एका वेळी 18 बंद्यांमागे एकच माणूस उरतो. त्यातून रजा, साप्ताहिक सुट्टी आणि फाटकावरची माणसं वजा करायची. एवढं करून पदं तरी भरलेली असतात का? 2022 अखेर देशभरातल्या तुरुंगांत सुमारे 30 टक्के पदं रिकामी होती.

गैरसमज: गुन्हेगार वाढले म्हणून तुरुंग भरले.

वस्तुस्थिती: 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 75.8 टक्के बंदी कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, काही अपवाद वगळता, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामीन मिळू शकतो. अशी प्रकरणं वेळेवर कोर्टापुढे गेली तर पहाऱ्यावरचा ताणही हलका होईल.

गैरसमज: सीसीटीव्ही लावले की माणसं कमी लागतात.

वस्तुस्थिती: कॅमेरा मारामारी दाखवतो, ती सोडवायला माणूसच धावतो. रात्री एखाद्याच्या छातीत कळ आली तर बराक उघडून त्याला दवाखान्यात पोहोचवणारा माणूसच असतो. गप्प गप्प राहणाऱ्या बंद्याच्या मनात काय चाललंय हेही त्याच्याशी रोज बोलणाऱ्यालाच कळतं.

गैरसमज: कर्मचाऱ्यांचं खचलेलं मनोबल हा त्यांचा घरगुती प्रश्न आहे.

वस्तुस्थिती: मे 2020 मध्ये आर्थर रोडमध्ये करोनाची लागण उघड झाली, तेव्हा पहिल्याच फेरीत 77 बंद्यांबरोबर 26 कर्मचारीही बाधित निघाले. गर्दीचा धोका भिंतीच्या आत सगळ्यांना सारखाच असतो. उलट बाजूही सांगायला हवी. जून 2017 मध्ये भायखळा कारागृहात एका बंदिनीला मारहाण आणि तिचा मृत्यू याप्रकरणी सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. थकवा किंवा टंचाई ही अशा मारहाणीची सबब होऊ शकत नाही. पण सलग ड्युट्या, अडकलेल्या रजा आणि वर्षानुवर्षं रखडलेली बढती यांनी माणूस चिडचिडा होतो, आणि देखरेख करणारे वरिष्ठच अपुरे असले की त्याला वेळीच आवरणारं कोणी उरत नाही.

गैरसमज: उपाय कोणाला ठाऊक नाहीत.

वस्तुस्थिती: तुरुंग सुधारणांसाठी 1980 ते 1983 या काळात काम केलेल्या मुल्ला समितीने पुरेसं मनुष्यबळ, चांगलं प्रशिक्षण आणि सेवेच्या सुधारलेल्या अटी यांवरच भर दिला होता. तुरुंग हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या सूचीतला विषय आहे. त्यामुळे जबाबदारी दिल्लीकडे ढकलता येत नाही. ती मुंबईत, मंत्रालयात आहे.

म्हणून गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या मतदारांनी आपल्या आमदाराला हा प्रश्न विचारावा: आपल्या भागातल्या कारागृहांत किती पदं मंजूर आहेत, किती रिकामी आहेत आणि ती कधी भरणार? विधिमंडळात याचं उत्तर तारखेसह मिळायला हवं.