तीन पायांचा ट्रॅक्टर

उकिरड्यातलं शेणखत ट्रॉलीत भरायला गडी मिळत नाहीत, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. मग कुणीतरी सुचवतं, जुना लोडर स्वस्तात मिळतोय, आपल्या जुन्या ट्रॅक्टरला पुढं बसवून टाकू. कल्पना चांगली आहे. पण त्याआधी आपला ट्रॅक्टर उभा कशावर असतो, हे समजून घेतलं पाहिजे.

चाकं चार दिसली, तरी ट्रॅक्टरचा तोल तीनच ठिकाणी असतो. पुढचा एक्सल मधोमध एका पिनेवर डोलतो, म्हणून तर ढेकळांतही चारी चाकं जमीन धरून राहतात. मागची दोन चाकं आणि ही पिन, अशी ती तिपाई. तिचं पुढचं टोक निमुळतं. वजन मागं आणि खाली आहे तोवर ट्रॅक्टर भक्कम. तेच पुढं सरकलं, वर गेलं, की लहानशा खड्ड्यानंही तो कुशीवर कलंडू शकतो. चालकाला वाचवणारी लोखंडी कमान जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा नसतेच.

आता साधा हिशेब करू. दोन्ही एक्सलांत १.८ मीटर अंतर आहे, बकेटमध्ये ३०० किलो खत आहे आणि ते पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर पुढं आहे, असं धरा. तरफेच्या नियमानं पुढच्या एक्सलवर ३०० नव्हे, ५०० किलो जादा भार पडतो. वरचे २०० किलो आले कुठून? मागच्या चाकांवरून. लोडरचं स्वतःचं वजन आणखी वेगळं. जुन्या ट्रॅक्टरची ओढ मागच्या चाकांची आणि ब्रेकही बहुधा त्यांनाच. ती हलकी झाली, की उतारावर दोन्ही दगा देतात.

मागच्या टायरांत पाणी भरल्यानं पकड वाढते, पण पुढच्या एक्सलवरचा भार कमी होत नाही. त्यासाठी एक्सलच्याही मागं, लिफ्टला वजन अडकवावं लागतं. पुढं आधीची वजनं असतील, तर ती काढावीत.

मॅसी १०३५ सारख्या ट्रॅक्टरला सलग चासी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टांनी एकमेकांना जोडलेले असतात. लोडर नुसता इंजिनाला आवळला, तर ढिगात घुसतानाचा सारा धक्का त्या सांध्यावर बसतो. म्हणून मागच्या एक्सलपर्यंत जाणारी वेगळी फ्रेम हवी. ओतीव लोखंडावर वेल्डिंग मात्र करू नये, तिथं तडा जातो. अशा ट्रॅक्टरचा मूळ पंप मागच्या पेटीत असतो. क्लच पूर्ण दाबला, की तो थांबतो आणि उचलही थांबते. त्यापेक्षा इंजिनावर चालणारा स्वतंत्र पंप आणि तेलाची वेगळी टाकी बरी.

जुना लोडर घेताना पिना-बुश आणि वेल्डिंगच्या जागा नीट पाहाव्यात. भरलेली बकेट उचलून इंजिन बंद करावं. ती हळूहळू खाली येत असेल, तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे. त्या वेळी खाली कुणी उभं राहू नये. पाइपातली गळती हातानं चाचपू नये. दाबाखालचं तेल कातडीत शिरतं. पुठ्ठा धरून पाहावं.

आणि चालताना बकेट जमिनीलगत, वेग कमी, उतारावर आडवं वळण नको. मजुरी वाचवायला लोडर घ्यावा जरूर, पण त्या वाचलेल्या पैशांतून आधी मागचं वजन करून घ्यावं.