भेदभावाविरुद्ध शहरांची एकजूट

खोली भाड्याने घ्यायला गेले की घरमालक आधी नाव विचारतो, मग आडनाव, मग गाव. शेवटी सांगतो, "खोली कालच गेली." हा अनुभव आपल्यालाच येतो असे नाही. जर्मनीत तुर्की नावाच्या माणसाला आणि फ्रान्समध्ये आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबालाही असेच उत्तर ऐकावे लागते. कायदा देशाचा असला तरी खोली, शाळा आणि नोकरीची रांग शहरातच असते. त्यामुळे गाऱ्हाणे घेऊन माणूस येतो तो शहराच्याच दारात.

सगळ्या शहरांचे दुखणे एक असेल, तर प्रत्येकाने वेगळे औषध का शोधावे? याच विचारातून एक आघाडी उभी राहिली.

२००१ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांची जागतिक परिषद भरली. आपले दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन तेथे गेले होते. भारत सरकारने विरोध केला आणि अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. या परिषदेनंतर युनेस्कोने शहरांना एकत्र आणण्याचे काम हाती घेतले. १० डिसेंबर २००४ रोजी, मानवी हक्क दिनी, जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे वंशवादविरोधी युरोपीय शहरांची आघाडी स्थापन झाली.

न्यूरेंबर्गच का? १९३५ साली हिटलरच्या राजवटीने ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे याच शहरात जाहीर केले. १९४५-४६ साली नाझी पुढाऱ्यांवरील खटलाही येथेच चालला. आपल्या शहराचे नाव कशाशी जोडले गेले आहे, हे या शहराने लपवले नाही. आज तेथील एका रस्त्यावर खांबांची ओळ उभी आहे आणि त्यांवर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची कलमे कोरलेली आहेत.

आघाडीत येणारे शहर दहा कलमी कार्यक्रम स्वीकारते. भेदभावाच्या घटनांवर लक्ष ठेवणे, पीडिताला मदत करणे, घर मिळण्यात समान संधी देणे आणि शाळांतून समतेचे शिक्षण देणे ही त्यांतली काही कलमे. एक कलम विशेष महत्त्वाचे आहे. महापालिका स्वतःच मोठी मालक असते, तेव्हा तिने आधी आपल्या नोकरभरतीत आणि सेवांत समानता पाळावी. बार्सिलोना शहरात १९९८ पासून भेदभावाच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कार्यालय आहे. असा एका शहराचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. आशिया-पॅसिफिक भागातील शहरांचीही अशी आघाडी २००६ साली बँकॉक येथे सुरू झाली.

मात्र या आघाडीला शिक्षा करण्याचा अधिकार नाही. शहर स्वखुशीने सही करते. सही करून फाईल कपाटात ठेवली, तर कोण विचारणार?

वाचक बंधू-भगिनींनो, याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला आणि तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला. पुढे कोर्टात वर्षानुवर्षे झगडावे लागले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या परिषदेने जातीवर आधारित भेदभावाला कायद्याने बंदी घातली. तेथील आपले लोक सभागृहात येऊन बोलले, म्हणून ते घडले. डर्बनला जो शब्द जाहीरनाम्यात येऊ शकला नाही, तो एका शहराच्या कायद्यात आला.

म्हणून मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला गटार आणि नळाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. खोली नाकारली गेली तर तक्रार कोणाकडे करायची? सफाईच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाची माणसे का? ठराव शहर करते, पण तो जिवंत ठेवण्याचे काम नागरिकांचे आहे.