कपाळ तेलकट, गाल कोरडे : चेहरा धुवायचा कशाने?

पोलीस भरतीची तयारी करणारी एकोणीस वर्षांची मुलगी आईबरोबर ओपीडीत आली होती. ओढणीने अर्धा चेहरा झाकलेला. "मॅडम, दिवसातून सहा वेळा तोंड धुते ही. तरी कपाळावर तेल ते तेलच, आणि गाल बघा कसे सोलून निघालेत," आई म्हणाली. मुलीने पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर ठेवली. घरात सगळे वापरतात तो अंघोळीचा साबण, मैत्रिणीने सुचवलेला कडुनिंबाचा फेसवॉश, दाणेदार स्क्रब आणि सगळ्यात शेवटी एक छोटी ट्यूब. ती ट्यूब पाहिली आणि निम्मे निदान तिथेच झाले. तिच्याबद्दल नंतर सांगते. आधी पिशवीतल्या बाकीच्या वस्तूंकडे पाहू, कारण त्या ट्यूबपर्यंतची वाट तिथूनच सुरू झाली होती.

या मुलीची त्वचा मुळात मिश्र प्रकारची होती. कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट, गाल मात्र साधारण किंवा कोरडे. हा आजार नाही. त्वचेला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी शरीरावर सगळीकडे सारख्या नसतात. टाळू आणि चेहऱ्यावर दर चौरस सेंटीमीटरमध्ये साधारण ४०० ते ९०० ग्रंथी असतात, इतरत्र त्या बऱ्याच कमी. चेहऱ्यावरही कपाळ आणि नाकावर त्या अधिक काम करतात, गालांवर कमी. म्हणजे थोडाफार मिश्रपणा बहुतेकांच्या चेहऱ्यावर असतोच. वयात येताना तो ठळक होतो. स्त्रियांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास तेल कमी होऊ लागते आणि आयुष्यभर तेलकट म्हणून धुतलेला चेहरा अचानक ओढल्यासारखा वाटू लागतो.

आपली त्वचा कोणत्या प्रकारची आहे हे घरीच पाहता येते. कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि काहीही न लावता तासभर थांबा. मग पातळ टिश्यू पेपर कपाळ, नाक आणि दोन्ही गालांवर वेगवेगळा दाबून पाहा. कपाळ-नाकाच्या कागदावर तेलाचा डाग आणि गालांचा कागद कोरडा, तर त्वचा मिश्र.

साबणाने नेमके काय होते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये हा सिमेंटचा गिलावा. साबणाचा रेणू एका टोकाने तेलाला धरतो, दुसऱ्या टोकाने पाण्याला. त्यामुळे धूळ आणि तेल पाण्याबरोबर निघून जाते. पण वरवरचे तेल कोणते आणि भिंतीतला गिलावा कोणता, हा फरक साबणाला कळत नाही. कपाळावर जादा तेल असल्याने तिथे ते सहज निघते. गालावर काढण्यासारखे तेलच नसते, म्हणून गिलावाच निघतो. मग गाल ओढतात, खाजतात, पापुद्रे सुटतात.

दुसरी गोष्ट आम्लतेची. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्वचेवरच्या आम्लधर्मी आवरणाचे वर्णन केले. निरोगी चेहऱ्याचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो. आपल्या नेहमीच्या साबणाचा पीएच बहुधा ९ ते १० असतो. एकदा धुतल्यावर त्वचा काही तासांत पूर्वपदावर येते. दिवसातून सहा वेळा धुणाऱ्या चेहऱ्याला तेवढा वेळच मिळत नाही. त्यात बोअरचे जड पाणी असेल तर साबण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून चिकट साका तयार करतो. बादलीच्या कडेला दिसणारा तो पांढरा थर थोडाफार चेहऱ्यावरही राहतो.

मुलीच्या आईने विचारले, "पण मॅडम, जास्त धुतले तर तेल कमी व्हायला नको का?" प्रश्न रास्त आहे. वरचे तेल निघते, पण तेल बनवणारी ग्रंथी साबणाचे ऐकत नाही, ती हार्मोन्सचे ऐकते. काही तासांत कपाळ पुन्हा चकाकते. नाकावरचे काळे ठिपके म्हणजेही मळ नव्हे. रंध्राच्या तोंडाशी अडकलेले तेल, मृत पेशी आणि त्वचेचे रंगद्रव्य हवेच्या संपर्कात काळे दिसते. ते घासून जात नाहीत.

दुकानात काय पाहावे?

मिश्र त्वचेसाठी क्लिन्झर निवडायचा साधा नियम हा : निवड गालांना मानवेल अशी करावी आणि कपाळाला जादा लक्ष वेगळे द्यावे. आपण नेमके उलटे करतो. चकाकते कपाळ डोळ्यांना खुपते म्हणून 'ऑइल कंट्रोल' लिहिलेले जहाल उत्पादन घेतो आणि त्याची शिक्षा गाल भोगतात.

पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची असते, मागची माहितीची. मागे सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट अशी नावे सुरुवातीला असतील तर तो खरा साबण. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बिटेन ही नावे असतील तर ते तुलनेने सौम्य प्रक्षालक आहेत. त्यांचा पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो आणि जड पाण्यातही साका होत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट यादीत वरच्या क्रमांकावर असेल तर कोरड्या गालांनी जपून राहावे. ग्लिसरीन असेल तर चांगले. सुगंध नसलेले उत्पादन मिळाले तर अधिक चांगले.

साबणाच्या वेष्टनावरचा टीएफएम हा आकडा पाहून घेणारेही बरेच आहेत. भारतीय मानकानुसार टॉयलेट सोपच्या पहिल्या श्रेणीला किमान ७६ टक्के टीएफएम लागतो. हा आकडा साबणातल्या स्निग्धाम्लांचे प्रमाण सांगतो. दर्जा ठरवायला तो उपयोगी, पण पीएचबद्दल तो काहीच सांगत नाही. ७६ टक्क्यांचा साबणही अल्कधर्मीच असतो.

कपाळ-हनुवटीवर मुरुमे असतील तर सॅलिसिलिक अॅसिड असलेला फेसवॉश उपयोगी पडतो, कारण ते तेलात मिसळून रंध्रात शिरते. ०.५ ते २ टक्के पुरे. तो दिवसातून एकदाच आणि फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर लावावा. गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. राहिले सोने, कोलाजेन, व्हिटॅमिन सी. क्लिन्झर चेहऱ्यावर अर्धा-एक मिनिट राहतो. त्यातल्या महागड्या गोष्टी बहुतांशी मोरीत जातात. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा.

घरगुती उपायांचेही तेच. डाळीचे पीठ आणि दूध हलक्या हाताने अधूनमधून लावले तर बहुतेकांना चालते. दिवाळीचे उटणे वर्षातून चार दिवस जरूर लावा, चेहऱ्यावर फक्त खरखरीत घासू नका. मुलतानी माती तेल शोषते, म्हणून ती कपाळापुरती ठेवा. गालावर वाळून तडकेपर्यंत ठेवू नका. लिंबू मात्र चेहऱ्याला लावूच नये. त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो आणि लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. भरतीसाठी रोज मैदानावर धावणाऱ्या मुलीने रविवारी लिंबू चोळणे म्हणजे दुखणे ओढवून घेणेच.

धुवायचे कसे?

सकाळी, रात्री आणि खूप घाम आल्यावर, एवढे पुरे. दुपारी चिकट वाटले तर नुसते पाणी मारा किंवा टिश्यूने टिपा. पाणी गार किंवा कोमट असावे, कढत नको. क्लिन्झर आधी कपाळ, नाक आणि हनुवटीवर बोटांनी वीस-तीस सेकंद फिरवा. गालांना तो शेवटी, निसटता लावा आणि लगेच धुवा. अशाने एकाच क्लिन्झरमध्ये दोन्ही भागांचे भागते. टॉवेलने घासू नका, टिपा. त्वचा किंचित ओलसर असतानाच गालांवर मॉइश्चरायझर लावा आणि दिवसा बाहेर पडताना एसपीएफ ३० चे सनस्क्रीन.

क्लिन्झर मानवतो की नाही हे फेसावरून ठरत नाही. बोट फिरवल्यावर करकर आवाज यावा इतका चेहरा स्वच्छ होणे हे चांगले लक्षण नव्हे. धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी गाल ओढत असतील तर तो क्लिन्झर तुमचा नाही. कपाळ चार-पाच तासांनी पुन्हा थोडे चमकले तर ती त्याची प्रकृती आहे, क्लिन्झरचा दोष नाही.

आणि एक सावधगिरी. नाकाच्या कडांना आणि भुवयांत लाली आणि पिवळसर, तेलकट पापुद्रे दिसले तर तो कोरडेपणा नसून बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असतो. त्याला औषध लागते. गाल आणि नाकावर उन्हाने वाढणारा लाल चट्टा आणि सोबत सांधेदुखी किंवा ताप असेल तर फेसवॉश बदलत बसू नका, तपासणी करून घ्या.

ती छोटी ट्यूब

आता त्या ट्यूबकडे येते. गाल सोलवटून आग होऊ लागली तेव्हा मुलगी मेडिकलमध्ये गेली. काउंटरवरच्या माणसाने एक क्रीम दिले. दोन दिवसांत आग थांबली आणि चेहरा उजळही दिसू लागला. साहजिकच तिने ते चार महिने लावले. त्यात मोमेटासोन हे स्टेरॉइड होते. बीटामेथासोन आणि क्लोबेटासोल ही त्याच कुटुंबातली नावे. डॉक्टरांनी ठराविक आजारासाठी, ठराविक दिवस दिले तर हे औषध उत्तम. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते, ऊन सोसत नाही. थांबवले की दुप्पट आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. तरीही ती हातोहात मिळतात, हे आमची ओपीडी रोज सांगते.

तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरे आज वाचा. '-सोन' किंवा '-सोल' ने संपणारे नाव दिसले तर डॉक्टरांना विचारा. प्रत्येक '-सोल' स्टेरॉइड नसते, बुरशीवरच्या काही औषधांचीही नावे तशीच असतात. पण विचारायला काही लागत नाही. बरेच महिने लावत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका. ते कसे थांबवायचे हे डॉक्टर ठरवतील.

त्या मुलीची पिशवी आम्ही रिकामी केली. स्क्रब, लिंबू, साबण बंद. एक साधा, बिनवासाचा सौम्य क्लिन्झर दोन वेळा, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि काही औषधे. पहिले तीन आठवडे तिला फार त्रास झाला. आई दोनदा येऊन म्हणाली, "ती ट्यूबच बरी होती." आम्ही धीर देत राहिलो. तीन महिन्यांनी मुलगी आली तेव्हा गालांची लाली पूर्ण गेली नव्हती, अजून काही महिने लागतील. कपाळ नेहमीसारखेच चमकत होते. तोंडावर ओढणी मात्र नव्हती. सकाळी मैदानावर धावून ती तशीच थेट रुग्णालयात आली होती.